नदीकाठचे ग्रुपवॉक: नऊ महिने, चौदा रविवार

मी ब्लाउज शिवते. पुण्यात, शनिवार पेठेत, राहत्या घरातच, पुढच्या खोलीत. सव्वीस वर्षं मशीनवर वाकून बसल्यावर मानेचं नि कमरेचं जे व्हायचं ते माझंही झालं आणि डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हणून सांगितलं. बागेत गोल गोल फिरायचा मला कंटाळा आहे, घाण्याचा बैल झाल्यासारखं वाटतं. जूनमध्ये धाकट्या जावेने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. रविवारी सकाळी पाण्याकाठी ग्रुपने चालायचं, माणशी दीडशे रुपये, चहा-नाश्ता त्यातच, आणि वर्षातून एकदा मुंबईचा समुद्र. माझं माहेर गुहागर. ‘समुद्र’ वाचला आणि पुढचं मी वाचलंच नाही.

ग्रुपचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि पोरं मनाने चांगली आहेत.

पद्धत अशी. शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर जागा आणि वेळ येते, पैसे आधी भरायचे, रविवारी सहाला हजर व्हायचं. पुढे एक मुलगा, कॉलरला माइक, कमरेला भाजीवाल्यासारखा छोटा स्पीकर. सगळ्यांच्या मागे एक मुलगी. कुणी मागे राहू नये एवढंच तिचं काम. मला विचाराल तर तीच या ग्रुपची खरी जमेची बाजू. माझी कमर धरली की ती न बोलता हळू होते, ‘काकू, बसायचंय का?’ असं चारचौघांत ओरडत नाही. वीसच माणसं घेतो म्हणतात, पण मी एकदा चौतीस मोजली. माप घ्यायची सवय असल्यामुळे मोजणं काही सुटत नाही.

पहिला वॉक ओंकारेश्वरापासून होता. माझ्या घरापासून सात मिनिटं. आणि इतक्या वर्षांत मी तिथे मुठा नदीपाशी कितीदा उतरले असेन? गणपती विसर्जनाला आणि सासऱ्यांच्या दहाव्याला. पेठेतल्या माणसाची नदीशी ओळख ही अशी, पुलावरून नाक दाबून जाताना होते तेवढी. खाली उतरून, पाण्याच्या उंचीवरून गावाकडे बघितलं तेव्हा कळलं की आपण नदीकडे पाठ करून राहतो. सगळ्या घरांच्या मोऱ्या, संडासाचे पाइप, वाळत घातलेल्या गोधड्या नदीच्या बाजूला. कपड्याची उलटी बाजू दिसावी तसं. शिवणकाम कसं आहे ते उलट्या बाजूलाच कळतं, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते.

ओंकारेश्वराच्या आवारात चिमाजीअप्पांची समाधी आहे. ज्यांनी वसई घेतली ते. १७४० मध्ये गेले. माइकवाल्याने ते नीट सांगितलं. मग नदीपात्रातून प्रवाहाच्या उलट दिशेने भिडे पूल, झेड ब्रिज, लकडी पूल. डाव्या हाताला पेठा, उजव्या हाताला नदीवरून गेलेली मेट्रो आणि मावळ्याच्या पगडीसारखी छपरं घातलेली तिची स्टेशनं. लकडी पुलाशी पोचलो तेव्हा मुलगा म्हणाला, पानिपताहून परतलेल्या सैन्यासाठी हा पूल लाकडाचा बांधला होता. लगेच मागून एक आजोबा: ‘सांगतात तसं. पुरावा दाखव.’ मग दुसरे काका पहिल्या आजोबांना दुरुस्त करायला लागले. पुण्यात वॉकला तीस माणसं आली की गाइडही तीस असतात. स्पीकरचा आवाज वाढवून उपयोग नाही, हे त्या पोराला आता कळलंय. तो पाणी पितो आणि थांबतो.

त्याच जागी त्याने पानशेतचा विषय काढला. १२ जुलै १९६१, सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग त्या पाण्याने खडकवासल्याचंही फुटलं. हे मी लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंकडून ऐकते. त्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. पर्वतीवर धावल्या, हातात आईने दिलेला रॉकेलचा रिकामा डबा. डबा कशाला दिला ते त्यांना आजही माहीत नाही. ग्रुपमध्ये एक आजोबा होते, कधी फारसं न बोलणारे. त्यांनी काठी उचलून समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या वरची रेघ दाखवली आणि म्हणाले, ‘इथपर्यंत.’ तीसच्या तीस गाइड गप्प. दीडशे रुपये मला तिथे वसूल झाले.

आता विठ्ठलवाडी. एकच वॉक करायचा असेल तर हाच करा. सिंहगड रस्त्यावर हिंगण्याला जुनं विठ्ठलमंदिर आहे, आषाढीला तिथे मोठी गर्दी होते. मंदिरामागून नदीत उतरलं की अजून झाडी शिल्लक आहे. सप्टेंबरअखेर आम्ही गेलो, पावसाळा सरत आलेला. दुर्बीणवाल्या काकांनी बदकांची जोडी दाखवली. काळी चोच, टोकाला पिवळी, कपाळाशी लाल ठिपका. नाव विचारलं तर म्हणाले, हळदी-कुंकू. मला वाटलं थट्टा करताहेत. खरंच तेच नाव आहे, हळदी-कुंकू बदक. जाऊ म्हणाली, ‘नवरा आहे वाटतं अजून बिचारीला.’ पुढे चिखलात शेकाट्या होते. काळ्या-पांढऱ्या अंगाखाली गुलाबी दोऱ्यासारखे लांबलचक पाय, आणि ते असे उचलून टाकतात की पाऊल ओलं झालेलं जणू त्यांना खपत नाही.

पण मी ज्यासाठी थांबले ते वेगळंच. तिथल्या बाभळींना माझ्या डोक्याच्याही वर, हात उंच केला तरी पोचणार नाही अशा उंचीवर, कापडं अडकलेली होती. प्लॅस्टिकही होतं, पण मला कापडच दिसणार. नीट बघितलं तर बहुतेक ओटीचे ब्लाउजपीस. ऐंशी सेंटिमीटरचे, पातळ, ज्यांचा ब्लाउज कुणी शिवत नाही. माझ्याकडे बायका घेऊन येतात तेव्हा मी सांगते, बाई गं, याला अस्तर लावलं तरी दोन धुण्यांत उसवेल. मग ते एका घरातून दुसऱ्या घरात, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरतात आणि शेवटी नदीची ओटी भरतात. एक खणाचा तुकडा होता, काठ चांगला होता, अजून रंग धरून. एक मरून रंगाचं पॉलिस्टर, त्यावर टिकल्या, टिकल्यांत वाळू. सगळी कापडं एकाच उंचीला, ओळीत, जणू कुणी दोरी बांधून वाळत घातलीत. जुलैमध्ये पाणी तिथपर्यंत आलं होतं. माइकवाल्याने ‘पूररेषा’ हा शब्द वापरला, तो सगळ्यांनी ऐकला नि पुढे गेले. मी वर बघत उभी राहिले, मागची मुलगी माझ्याबरोबर थांबली. तिने विचारलं, ‘काकू, तुम्ही शिवलेलं काही आहे का त्यात?’ शोधत होतेच की मी.

वासाचं खरं सांगते. वास येतो. उन्हाळ्यात सांडपाण्याचा फेस येतो, जलपर्णी साचली की डासही. ग्रुपवाले जाहिरातीत ‘निसर्गरम्य’ लिहितात ते अर्धंच खरं आहे. ज्यांना नाकाचा त्रास आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारीत विठ्ठलवाडीच करावी आणि संगमाच्या बाजूला जाऊ नये. संगमावर मुळा आणि मुठा भेटतात ते बघायला मी मोठ्या उत्साहाने गेले होते. दोन नद्यांचे दोन रंग दिसतील असं वाटलं होतं. एकच रंग, काळपट.

बंडगार्डनचा वॉक चालायला सगळ्यात सोपा. गुडघेवाल्यांनी हाच घ्यावा. फिट्झगेराल्ड पूल १८६०च्या दशकातला, दगडी कमानींचा, टोकांना सिंह बसलेले, आणि आता त्यावरून गाड्या जात नाहीत. पलीकडे येरवड्याच्या अंगाला सलीम अली पक्षी अभयारण्य. पण तिथे ग्रुपमध्ये भांडण झालं. नदीकाठ सुधारणेचं काम तिथेच सुरू झालंय, एकूण ४४ किलोमीटरचं. झाडं वाचवायला लोकांनी २०२३ मध्ये झाडांना मिठ्या मारल्या होत्या, त्यातल्या दोघी आमच्याबरोबर होत्या. आणि ‘आम्हाला चालायला नीट काठ नको का?’ म्हणणारेही होते. माइकवाल्याने ‘आपण राजकारण नको’ म्हणून विषय मिटवला. माझं मत, मिटवायला नको होता. नदीकाठी चालणाऱ्यांनी काठाबद्दल बोलायचं नाही तर कशाबद्दल, शेअर बाजाराबद्दल? (ते मात्र सबंध रस्ताभर चालू होतं.)

आता तक्रारी.

पहिली, बायकांची सोय. सहाला हजर म्हणजे साडेपाचला घर सोडलेलं. चालणं दोन-अडीच तास, नदीपात्रात आडोसा म्हणून काही नाही, आणि वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे हे नेणाऱ्यांना माहीत नाही. तिसऱ्या वॉकला आम्ही चौघींनी विचारलं तेव्हा तो पोरगा लाजून लाल झाला. त्याने विचारच केला नव्हता. आता संदेशात खाली एक ओळ येते, ‘स्वच्छतागृह: अमुक ठिकाणी, सुरुवातीपासून इतक्या अंतरावर.’ सुधारणा झाली, पण ती आम्ही भांडल्यावर.

दुसरी, नाश्ता. चहा चांगल्या अमृततुल्यमधला असतो, वेलदोडा कुटून घातलेला, त्याबद्दल बोलायचं नाही. पण नाश्ता म्हणजे कायम गार पोहे. चौदा वॉकमध्ये दोनदा खिचडी. एकादशीच्या रविवारी पोहे आणले तेव्हा निम्म्या काकू नुसत्या चहावर घरी गेल्या. कॅलेंडर बघायला नको का?

आणि कॅलेंडर न बघणं हीच माझी खरी तक्रार आहे, नाश्त्यापुरती नाही. पाण्याकाठी न्यायचं तर पाण्याची वेळ विचारून न्यायचं. हे लोक गूगलवर सुट्टी बघतात आणि तारीख ठरवतात.

जुलैचं उदाहरण सांगते. तीन दिवस घाटात पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग वाढवणार हे आदल्या संध्याकाळी बातम्यांत येऊन गेलेलं. पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की विसर्ग वाढला की आधी भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. आमचा वॉक नदीपात्रातच. रद्द झाल्याचा संदेश आला रविवारी सकाळी पाच चाळीसला. मी शनिवार पेठेतली, परत येऊन झोपले. पण एक मुलगी हिंजवडीहून रिक्षाने निघाली होती, तिचे रिक्षाचे तीनशेच्या वर गेले. २०२४ च्या जुलैत, २५ तारखेला, एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं ते पुण्यात कुणी विसरलेलं नाही. नदीकाठचा कार्यक्रम करणाऱ्याने तर रोज रात्री विसर्गाचा आकडा बघून झोपावं. आणि दीडशे रुपये? ‘पुढच्या वॉकला वळते करू.’ मी पुढच्या वॉकला आठवण केली. त्याच्या पुढच्यालाही. शेवटी मीच सोडून दिले. दीडशे रुपयांसाठी तीनदा तोंड उघडायचं म्हणजे मलाच माझी गिऱ्हाइकं आठवायला लागली.

मग फेब्रुवारीत मुंबई. आठ महिने ज्याची वाट बघितली ते. माणशी सहाशे, रेल्वेचं तिकीट आपापलं. सव्वासातची डेक्कन क्वीन, साडेदहाच्या आत सीएसएमटी. गाडीत मजा आली, खोटं का बोला. खंडाळ्याच्या घाटात सगळ्यांनी गाणी म्हटली, पुराव्यावाले आजोबा पेटीचा सूर तोंडाने काढतात हे तिथे कळलं, जावेने बारा जणांना पुरतील एवढ्या धपाटे-दह्याचे डबे आणले होते. सीएसएमटीला उतरलो आणि चालत मरीन ड्राइव्ह. अकरा वाजून गेले. मी कठड्याशी गेले आणि एका क्षणात समजलं की आज फसलो.

पौर्णिमा होती. पाणी पुरं वर, त्या चारपायी सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढून कठड्याला धडका देत होतं. दिसायला सुंदर, नाही कोण म्हणतं. पण जाहिरातीत लिहिलं होतं ‘वाळूतून अनवाणी चाल, गिरगाव चौपाटी’. चौपाटीला पोचेपर्यंत बारा. वाळू उरली होती ती कोरडी, तापलेली, वरच्या अंगाची, जिथे कुल्फीच्या काड्या असतात ती. ओल्या वाळूची घट्ट पट्टी, जिच्यावर चाललं की टाचेखालून पाणी पळतं, ती सगळी बुडालेली. पुण्याची चौतीस माणसं चपला हातात घेऊन, तळपाय भाजत, माकडासारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर.

माझे वडील शाळेत कधी चौथीच्या पुढे गेले नाहीत, पण हा हिशेब त्यांनी मला पाचव्या वर्षी बोटांवर शिकवला होता. तिथी घ्यायची, तिला तीनने गुणायचं, चारने भागायचं. जे येईल तेवढे वाजता भरती, साधारण. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला दुपारच्या तोंडावर पुरी भरती, आणि तीही उधाणाची. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, तेव्हा आमची गाडी. पाच दहाची डेक्कन क्वीन. म्हणजे वाळू उघडी पडायला लागली की आम्ही पाठ फिरवून स्टेशनकडे. अष्टमीला न्या. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. अष्टमीला पाणी भांगाचं असतं, फार खोल ओसरत नाही, हे खरं, पण चालायला वाळू मिळते. दशमी-एकादशीला तर आणखी बरं, दीड-सव्वादोनला ओहोटी, जेवून चालायचं. (आणि एकादशीला पोहे आणायचे नाहीत.)

हे मी त्या पोराला चौपाटीवरच सांगितलं, लोकमान्यांच्या पुतळ्याच्या सावलीत, कारण सावली तेवढीच होती. टिळक पुण्याचे, पण गेले मुंबईत, १९२० मध्ये, आणि अंत्यसंस्कार इथे वाळूवर झाले. पुराव्यावाल्या आजोबांनीही यावर पुरावा मागितला नाही. पोरगा म्हणाला, ‘काकू, हे अॅपमध्ये असतं.’ मी म्हटलं, ‘असतं ना? मग बघितलं का नाहीस बाळा?’ त्यावर तो हसला आणि कान धरले. म्हणून म्हणते, पोरं चांगली आहेत.

परत निघताना मी चपला काढून पाण्यात गेलेच. कठड्यापासून नाही, चौपाटीच्या कडेला, साडी घोट्यावर धरून. गुहागरचं पाणी आणि हे पाणी एकच का? माहीत नाही. पायाला खारं लागलं, घोट्याला फेस चिकटला. सव्वीस वर्षांनी कुणीतरी माप घेतल्यासारखं वाटलं. जाऊ काठावरून ओरडत होती, ‘अहो वहिनी, गाडी!’

तर गुण द्यायचे झाले तर पाचपैकी साडेतीन. विठ्ठलवाडीला पाच, मागच्या मुलीला पाच, मुंबईला दोन, नाश्त्याला एक. एकट्या बाईने जायला हरकत नाही, मी डोळे मिटून सांगते. चौदा वॉकमध्ये कुणी वावगं बोललेलं नाही. वेगाने चालून घाम काढायचा असेल तर जाऊ नका, इथे दर दोनशे पावलांवर कुणीतरी काहीतरी सांगायला थांबतं. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्याच्या चपला घालू नका. एक काका बसले होते त्यावर, नशिबाने गादीसारखे जाडजूड आहेत. पाण्याची बाटली, टोपी, आणि एक जुना रुमाल नाकासाठी. पैसे महिन्याचे एकदम भरू नका, वॉकगणिक भरा.

मुंबईहून आल्यावर मी कॅलेंडर घेऊन पुढच्या दिवाळीपर्यंतचे अष्टमी ते एकादशीत येणारे रविवार खडूने कापडावर खूण करतात तसे काढले आणि फोटो ग्रुपवर टाकला. दोन तास कुणाचं उत्तर नाही. मग मागच्या मुलीचं आलं: ‘काकू, एक तारीख धरली. पुढचा समुद्र तुमच्या हिशेबाने.’ माइकवाल्याने त्याखाली होकाराचा अंगठा टाकला.

येत्या रविवारी विठ्ठलवाडी आहे, सहा वाजता मंदिरापाशी. मी जाणार आहे. ज्यांचे ब्लाउज रविवारी द्यायचे ठरलेत त्यांनी दुपारी दोननंतर यावं.